नेम मनोऱ्यावर: ब्रसेल्स, ऑगस्ट १६९५

२४० वर्षे आधी

१४५५ साली ब्रसेल्सच्या नगरगृहाच्या मनोऱ्यावर संत मायकेलचा पुतळा चढला. मार्टिन फान रोदे याने घडवलेला, सोन्याचा मुलामा दिलेला, सैतानाला पायाखाली तुडवणारा. वारा फिरेल तसा तोही फिरे. जमिनीपासून सुमारे ९६ मीटर उंचीवर तो उभा राहिला आणि भोवतालच्या शेतांतून, टेकाडांवरून, शहराकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावरून दिसू लागला. त्याला तिथे चढवणाऱ्यांना नेमके हेच हवे होते. राजवाडा ड्यूकचा, चर्च देवाचे. पण बाजारचौकातला हा सुळका शहराच्या लोकांचा होता, आणि तो सगळ्यांत उंच होता.

या इमारतीचे बांधकाम १४०१-०२च्या सुमारास सुरू झाले. आधी डावा भाग उभा राहिला. त्याच्याशी याकोब फान तीनेन याचे नाव जोडले जाते. तोवर शहराचा कारभार मोजक्या उमराव घराण्यांच्या हाती होता. १४२१च्या उठावानंतर विणकर, खाटीक, सुतार, गवंडी यांच्या गिल्डांना कारभारात वाटा मिळाला. माणसे वाढली, तशी जागाही लागू लागली. १४४४ साली उजव्या भागाची पायाभरणी झाली. पायाचा दगड ड्यूकच्या लहानग्या मुलाच्या हातून बसवला गेला. हा मुलगा पुढे शार्ल द बोल्ड म्हणून ओळखला गेला. मग १४४९ साली यान फान राउसब्रूक याने जुन्या घंटाघराच्या जागी नवा मनोरा उचलायला घेतला. खाली भक्कम चौकोन, वर अष्टकोन, त्यावर जाळीसारखा कोरलेला दगडी सुळका. सहा वर्षांत काम पुरे झाले.

मनोरा इमारतीच्या बरोबर मध्यावर नाही. डावा भाग लांब, उजवा आखूड. ही चूक लक्षात येताच वास्तुशिल्पीने वरून उडी घेतली, अशी दंतकथा तिथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या कानावर पडते. ती खोटी आहे, आणि मला ती अन्यायाचीही वाटते. ही चूक नव्हतीच. सत्तेत नवी माणसे आली, त्यांच्यासाठी भिंती पुढे सरकल्या, आणि जिथे जागा होती तिथे दोन पिढ्यांच्या कामाची सांधेजोड झाली. एका माणसाच्या डोक्यातून एका दिवशी निघालेली इमारत सममित असते. हे घर तसे जन्मलेच नाही.

आत न्यायदालन होते. शहराचे पंच तिथे बसून निवाडे करत. त्यांच्या डोळ्यांसमोर राहावीत म्हणून नगराचा चित्रकार रोजिएर फान देर वेडेन याच्याकडून चार भव्य फळ्या रंगवून घेतल्या होत्या. दोन कथा होत्या. पहिली रोमन सम्राट त्राजानची: युद्धावर निघालेल्या सम्राटाचा घोडा एक विधवा अडवते, मारल्या गेलेल्या मुलासाठी न्याय मागते, आणि तो मोहीम थांबवून आधी निवाडा करतो. शतकांनंतर पोप ग्रेगरी त्याच्या कवटीत शाबूत राहिलेली जीभ पाहतो, कारण त्या जिभेने कधी अन्यायाचा निकाल दिला नव्हता. दुसरी कथा ब्रसेल्सचीच. हेरकिनबाल्ड नावाचा न्यायाधीश मरणशय्येवर असताना त्याच्या भाच्याने बलात्कार केल्याचे त्याला कळते, आणि तो स्वतःच्या हाताने भाच्याला ठार करतो. हे कृत्य तो पाप मानत नाही, म्हणून पाद्री त्याला अंतिम प्रसाद नाकारतो; तो प्रसाद चमत्काराने त्याच्या तोंडात येतो.

ही चित्रे पाहायला लोक दुरून येत. १४५३ साली कुसाचा निकोलस या तत्त्वज्ञ धर्मगुरूने लिहिले की त्यातल्या एका चेहऱ्याची नजर, तुम्ही दालनात कुठेही उभे राहा, तुमच्यावरच असते. तो चेहरा चित्रकाराचा स्वतःचा होता. १५२० साली आल्ब्रेख्ट ड्युरर ब्रसेल्सला आला, आणि त्यानेही आपल्या रोजनिशीत या चार चित्रांची नोंद केली. पुढे त्याच नगरगृहासाठी अँथनी फान डाइक याने १६३०च्या दशकात नगरपंचांचे भव्य समूहचित्र रंगवले. भिंतींवर हे सगळे होते. कपाटांत सनदा, जमिनींचे कागद आणि हिशेब होते.

७ महिने आधी

जानेवारी १६९५मध्ये फ्रान्सचा सर्वांत यशस्वी सेनापती मार्शल लक्झेंबर्ग मरण पावला. चौदाव्या लुईने त्याच्या जागी विलरुआच्या ड्यूकला नेमले. विलरुआचे वडील लहानग्या लुईचे पालक-शिक्षक होते. हा राजाचा बालमित्र. दरबारात त्याचे वजन होते. रणांगणावर त्याने तसे काही सिद्ध केलेले नव्हते.

सात वर्षे युद्ध चालले होते. एका बाजूला फ्रान्स. दुसऱ्या बाजूला इंग्लंड, हॉलंड, स्पेन, ऑस्ट्रिया आणि अनेक जर्मन राज्ये. ब्रसेल्स त्या वेळी स्पॅनिश नेदरलँड्सची राजधानी होते आणि स्पेनच्या वतीने बव्हेरियाचा इलेक्टर मॅक्स इमॅन्युएल तिथे राज्यपाल होता.

६ आठवडे आधी

जुलैच्या सुरुवातीला इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम आणि मॅक्स इमॅन्युएल यांनी नामूरला वेढा घातला. १६९२ साली खुद्द लुईने हे शहर जिंकले होते आणि त्याचा तटबंदीतज्ज्ञ व्होबाँ याने तिथली तटबंदी मजबूत केली होती. नामूर हातचे जाणे म्हणजे राजाची अब्रू जाणे. आत फ्रेंच मार्शल बुफ्लेर लढत होता. ऑगस्टच्या सुरुवातीला शहर पडले आणि तो बालेकिल्ल्यात सरला.

वेढा घालणाऱ्यांवर थेट चालून जाण्यात विलरुआला धोका दिसत होता. मग दुसरा मार्ग निघाला: ब्रसेल्सवर असा मारा करायचा की शत्रूला नामूर सोडून धावत यावे लागेल. किती तोफा, किती बाँबगोळे, किती गाड्या लागतील याचा हिशेब त्याने राजाला लिहून कळवला. व्हर्सायहून मंजुरी आली आणि सीमेवरच्या फ्रेंच ठाण्यांतून दारूगोळ्याच्या गाड्यांची रांग निघाली.

शहर ताब्यात घ्यायचे नव्हते. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढच्या प्रत्येक तासाचा अर्थ त्यावर ठरतो. जिंकायच्या शहरावर मारा होतो तो तटावर, दरवाजांवर, तोफांवर. इथला नेम घरांवर होता.

२ दिवस आधी: ११ ऑगस्ट

सुमारे ७०,००० सैनिकांची फ्रेंच सेना ब्रसेल्सजवळ पोचली आणि पश्चिमेच्या टेकाडांवर पसरली. शहर सेन्न नदीच्या खोलगट भागात वसलेले. खालच्या अंगाला बाजार, गिल्डांची घरे, नगरगृह. पूर्वेच्या चढावर राजवाडा आणि सेंट गुदुलचे चर्च. तट जुना, जागोजागी खचलेला. तोफा थोड्या, दारू त्याहून थोडी, आणि तोफा चालवणारी जाणती माणसे सर्वांत थोडी.

टेकाडावरच्या फ्रेंच गोलंदाजाला समोर छपरांचा समुद्र दिसत होता, आणि त्यातून वर आलेला एक सुळका, टोकाला सोनेरी देवदूत.

१३ ऑगस्ट, सकाळ

मोर्चे बांधून झाले. सुमारे पंचवीस उखळी तोफा आणि अठरा लांब नळीच्या तोफा मांडल्या गेल्या. दोघींचे काम वेगळे. उखळी तोफ आखूड आणि रुंद तोंडाची. ती पोकळ लोखंडी गोळा उंच कमानीत उडवते. आत दारू ठासलेली, भोकात जळती वात. गोळा छपरातून खाली शिरतो आणि घराच्या पोटात फुटतो. लांब नळीची तोफ भरीव गोळा सरळ रेषेत फेकते, पण तोच गोळा आधी भट्टीत लालबुंद तापवला तर लाकडात रुतून बसतो आणि आतून आग लावतो. तो डागताना दारू आणि तापलेला गोळा यांच्यामध्ये ओला बोळा ठासावा लागतो, नाहीतर तोफ आपल्याच माणसांवर उलटते. म्हणजे असा मारा करायला भट्ट्या, कोळसा, चिमटे, पाणी यांची तयारी कित्येक तास आधी लागते. विलरुआचे पत्र वाचताना हे डोक्यात असू द्यावे.

१३ ऑगस्ट, दुपार

शहराचा लष्करी गव्हर्नर प्रिन्स द बर्ग याच्या हाती पत्र पोचले. भाषा सभ्य होती. आशय असा: इंग्रज आणि डच आरमारे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या शहरांवर बाँब टाकत आहेत, त्याचा बदला म्हणून राजाने ब्रसेल्सवर मारा करण्याचा हुकूम दिला आहे, किनाऱ्यावरची शहरे यापुढे सुरक्षित राहतील असे वचन मिळाले तर राजाही असे मारे थांबवेल. मुदत त्याच दिवसापुरती. आणखी एक विचारणा होती. इलेक्टरची पत्नी शहरात कोणत्या भागात राहते ते कळवावे, म्हणजे तिथे गोळे टाकले जाणार नाहीत.

किनाऱ्यावरचे हल्ले खोटे नव्हते. आदल्याच वर्षी दिएप हे बंदर जवळजवळ संपूर्ण जळाले होते. तिथेही घरेच जळाली, आणि त्याचा जाब इंग्लंड-हॉलंडला द्यावाच लागेल. पण पत्रात मागितलेले वचन देण्याचा अधिकार ब्रसेल्समधल्या एकाही माणसाला नव्हता. आरमारे विल्यमच्या हुकमात होती आणि विल्यम नामूरच्या खंदकांत, पत्रातल्या मुदतीत जाऊन परतणे अशक्य अशा अंतरावर. विलरुआला हे ठाऊक होते. ज्याला उत्तर देता येणार नाही त्याला प्रश्न विचारायचा, उत्तराला काही तास द्यायचे, आणि तोवर भट्ट्या पेटत्या ठेवायच्या. हे पत्र ब्रसेल्ससाठी लिहिलेच नव्हते. ते युरोपच्या दरबारांसाठी होते, दोष कुणाचा हे आधीच ठरवून ठेवण्यासाठी.

एका स्त्रीच्या निवासाची एवढी काळजी घेणारा माणूस हजारो बिनपदवीच्या स्त्रियांच्या घरांवर तोफा रोखून बसला होता. तोफांना निवडून मारता येते हे त्याच्या विचारणेतच कबूल झाले होते.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ

मॅक्स इमॅन्युएल काही तुकड्यांसह घाईने शहरात आला होता. त्याच्या सल्ल्याने बर्गने कळवले की हा प्रश्न इंग्लंडच्या राजाकडे न्यावा लागेल, त्यासाठी वेळ द्यावा. नगरपंचांनी रहिवाशांना फर्मावले: घर सोडू नका, दारासमोर पाण्याने भरलेल्या बादल्या ठेवा.

त्या बादल्यांचा विचार मनातून जात नाही. आग लागते ती शेजारच्या स्वयंपाकघरात, आणि गल्लीतली सगळी माणसे मिळून ती विझवतात, एवढाच आगीचा अनुभव ज्या शहराला होता, त्याने आपल्या परीने योग्य तीच तयारी केली.

१३ ऑगस्ट, सातच्या थोडे आधी

पहिला मारा सुरू झाला. ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी उजेड बराच होता आणि मनोरा स्पष्ट दिसत होता. गल्ल्या अरुंद, वरचे मजले पुढे झुकलेले, बरीच घरे लाकडाची. सुरुवातीच्या लहान लहान आगी एकमेकींना मिळायला फार वेळ लागला नाही. पश्चिमेच्या तटावरून शहराच्या थोड्या तोफांनी उत्तर दिले, काही फ्रेंच सैनिक मारलेही, पण दारू लवकरच संपली. बादल्या जागच्या जागी राहिल्या आणि माणसे पूर्वेच्या चढाकडे पळाली. राजवाड्याच्या बागांतून त्यांनी खाली आपले शहर जळताना पाहिले.

१३ ऑगस्ट, मध्यरात्र

ग्राँ-प्लास, म्हणजे तो बाजारचौक, चारी बाजूंनी पेटला. नगरगृह सोडून कारभारी केव्हाच निघून गेले होते. सेंट निकोलस चर्चचा घंटामनोरा शेजारच्या घरांवर कोसळला. नगरगृहासमोरची ब्रोडहाउस ही इमारत जळू लागली आणि मग नगरगृहाच्या छपराने पेट घेतला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. ज्या मनोऱ्याच्या रोखाने सगळा मारा चालला होता, तो पडला नाही. पुष्कळजण याला दैवी कौल म्हणतात. मला त्यात तोफेचा स्वभाव दिसतो. उखळी तोफेला बारीक सुळका टिपता येत नाही. तिला फक्त दिशा हवी असते. मनोऱ्याकडे रोखलेले गोळे मनोऱ्याच्या आजूबाजूला पडले, आणि आजूबाजूला शहर होते. शिवाय मनोरा दगडाचा, सुळक्याच्या टोकापर्यंत. आगीला त्यात खायला काही नव्हते.

खायला होते ते आत. छताच्या तुळया, लाकडी तावदाने, कपाटे, गालिचे. त्राजानसमोर घोडा अडवून उभी विधवा जळाली. हेरकिनबाल्ड जळाला. जिथे जाल तिथे पाहणारी ती नजर जळाली. फान डाइकचे नगरपंच जळाले. त्या चित्राचा एक कच्चा आराखडा तेवढा पॅरिसमध्ये उरला आहे, मधोमध न्यायदेवता असलेला. अडीच शतके पंचांना ‘आधी न्याय, मग युद्ध’ असे बजावत आलेले चित्र एका रात्रीत संपले, आणि ते संपवणाऱ्याने क्रम उलटा लावला होता. दगडी भिंती आणि मनोरा उभे राहिले म्हणून नगरगृह ‘वाचले’ असे पर्यटनाच्या पुस्तकांत छापतात. मला तो शब्द पटत नाही. नगरगृह म्हणजे जिथे माणसाचा निवाडा होतो आणि जिथे त्याच्या घराचा, कर्जाचा, हक्काचा कागद सांभाळला जातो ती जागा. त्या रात्री ती जागा राख झाली.

१४ ऑगस्ट, सकाळ

तोफा थांबल्या. फ्रेंचांना पुढचा दारूगोळा आणायचा होता. शहरात अफवा उठली की आता नेम दुसऱ्या भागांवर असणार. लोकांनी वाचलेले सामान गाड्यांवर, पाठीवर घेतले आणि सुरक्षित वाटलेल्या ठिकाणी नेऊन ठेवले. कुणी आधीच जळून गेलेल्या भागात, कुणी मठांत. डोमिनिकन मठात तर कित्येक घराण्यांचे फर्निचर, चित्रे आणि दस्तऐवज येऊन पडले.

१४ ऑगस्ट, दिवस आणि रात्र

मारा पुन्हा सुरू झाला आणि आता तो अधिक पसरला. उत्तरेला टांकसाळीचा भाग गेला. डोमिनिकन मठ त्यात सोपवलेल्या सगळ्या सामानासकट गेला. सेंट गुदुलमधल्या मौल्यवान वस्तू हलवल्या गेल्या. ते चर्च मात्र बचावले. मॅक्स इमॅन्युएल रस्त्यांवर माणसे जमवत होता, लूट रोखत होता, पाणी मिळवत होता. यांपैकी काहीच पुरेसे नव्हते.

१५ ऑगस्ट, सकाळ

मध्यवर्ती शहर ही आता एकच आग होती. उरलेले शहर वाचवायचे तर आगीच्या वाटेतली घरे आपणच पाडावी लागणार होती. मालक विरोध करत असताना इलेक्टरने सुरुंग लावून घरे उडवायला लावली. ज्यांच्या घरांना गोळा लागला नव्हता त्यांचीही घरे अशी गेली. तो निर्णय बरोबर होता असे मला वाटते, आणि त्या मालकांचा आक्रोशही तितकाच बरोबर होता.

१५ ऑगस्ट, दुपार

तोफा कायमच्या थांबल्या. सुमारे ३,००० बाँबगोळे आणि १,२०० तापवलेले गोळे शहरावर पडले होते. चार ते पाच हजार इमारती गेल्या, म्हणजे शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग. लोकांना पळायला वेळ मिळाल्याने माणसे त्या मानाने कमी दगावली. जे मेले त्यांत हलवता न आलेले रुग्ण होते आणि सामान वाचवायला परत फिरलेली माणसे होती.

नंतर

विल्यमने नामूरचा वेढा उठवला नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला बुफ्लेरने बालेकिल्ला खाली केला. ज्यासाठी ब्रसेल्स जाळले ते घडलेच नाही, आणि पुढे खुद्द नेपोलियननेही या माऱ्याला रानटी आणि निरुपयोगी ठरवले. ऑगस्टीन कोपेन्स या चित्रकाराने भग्न घरांमधून फिरून अवशेषांची चित्रे काढली. त्याचे स्वतःचे घरही त्या आगीत गेले होते. सेंट निकोलसच्या एका खांबात रुतलेला तोफगोळा आजही दाखवतात.

गिल्डांनी मात्र वाट पाहिली नाही. एप्रिल १६९७मध्ये नगरपंचांनी हुकूम काढला की ग्राँ-प्लासवरच्या प्रत्येक नव्या दर्शनी भिंतीचा नकाशा आधी मंजूर करून घ्यावा. बहुतेक चौक पाचेक वर्षांत पुन्हा उभा राहिला. आज जगभरचे लोक ज्या सोनेरी नक्षीच्या घरांसमोर उभे राहतात ती या घाईतली, कर्जातली, जिद्दीतली घरे आहेत. नगरगृहाच्या मागच्या बाजूला जळालेल्या कापडबाजाराच्या जागी कोर्नेलिस फान नेर्वेन याने १७०६ ते १७१७ या काळात ब्राबांतच्या प्रतिनिधिसभेसाठी नवे भाग बांधले.

रोजिएरची चित्रे पुन्हा कुणाला रंगवता आली नाहीत. पण ती जळण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी लोझानच्या बिशपने त्यांच्यावरून एक भव्य भिंतपट विणून घेतला होता. त्राजान, विधवा, ग्रेगरी, हेरकिनबाल्ड सगळे त्यात आहेत, आणि चित्रांखालचा लॅटिन मजकूरही. १५३६ साली बर्नने तो प्रदेश जिंकला आणि भिंतपट तिकडे गेला. आज तो बर्नच्या इतिहास संग्रहालयात आहे. ब्रसेल्सचे पंच निवाडा करताना समोर काय पाहत होते हे बघायचे असेल, तर तिकीट स्वित्झर्लंडचे काढावे लागते.